अंतरंगाचं सौंदर्य आणि सातबाऱ्यावरचं नाव

(आळेफाटा इथं तरुण मुलामुलींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' छापलंय आणि खाली विषय आहे, 'हवामानबदल, स्त्री आणि अंतरंगाचं सौंदर्य'. या दोन ओळींचा एकमेकींशी काय संबंध, असं पुण्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला विचारलं. मी तिला म्हटलं, आळेफाट्याला ये, मग सांगते. ती काही आली नाही. तुम्ही रविवारची दुपार मोडून आलात, तेव्हा आता तुम्हालाच सांगते.

आधी एक कबूल करते. 'अंतरंगाचं सौंदर्य' या शब्दांची मला जरा धास्ती वाटते. मुलगी मनानं फार सुंदर आहे, बाई सोशिक आहे, घराला सांभाळून घेते, ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकतो. बहुतेक वेळा ती बाईकडून काहीतरी फुकट करून घ्यायचं असतं तेव्हाच कानावर येतात. निसर्गाचंही तसंच. धरतीला आई म्हणायचं आणि आईला विचारायचं मात्र काही नाही. त्यामुळं आज या शब्दांचं कौतुक करायच्या आधी त्यांच्या आत काय आहे ते थोडं उलगडून पाहूया.

आपण बसलोय ती जागा बघा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग इथं एकमेकांना छेदतात. बाहेरच्या माणसासाठी आळेफाटा म्हणजे एसटी थांबते, चहा होतो, गाडी बदलायची ते ठिकाण. याच कल्याण-नगर रस्त्यावर पूर्वेला गेलात की पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वर लागतं, पश्चिमेला गेलात की माळशेज घाट. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्यानं त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. म्हणजे पिंजऱ्यात बसून तो बहुधा आपल्या या फाट्यावरूनच गेला असणार. घाटातून तो चालत निघाला आणि सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत गावं, महामार्ग, रेल्वेचे रूळ. त्याचं नाव ठेवलं होतं 'आजोबा'. २०१४ साली त्याच नावाचा मराठी सिनेमा आला, उर्मिला मातोंडकरचा. तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. तो पट्टा बांधण्यामागं ज्यांचा अभ्यास होता, त्या विद्या अत्रेय.

विद्या अत्रेय यांचं काम आपल्या जुन्नर तालुक्यात सुरू झालं, हे आपल्यातल्याच कित्येकांना ठाऊक नसतं. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या हल्ल्यांनी हाहाकार झाला होता. माझ्या शाळेचे ते दिवस. संध्याकाळी पाचनंतर आम्हाला वस्तीबाहेर सोडत नसत, आणि शेजारच्या चाचांची शेळी गेली की दोन दिवस सगळ्या वस्तीचा तोच विषय. त्या वेळी वनखात्याकडं उपाय एकच होता : पिंजरा लावा, बिबट्या पकडा, लांबच्या जंगलात नेऊन सोडा. लोकांचीही मागणी तीच होती आणि त्यांचं काही चूक होतं असं मी म्हणणार नाही. अत्रेय यांनी विचारलं, सोडलेल्या बिबट्याचं पुढं काय होतं? पकडलेल्या बिबट्यांच्या अंगात मायक्रोचिप बसवल्या, हल्ल्यांच्या नोंदी तारीखवार लावल्या, गावोगाव फिरल्या. निघालं ते असं की जिथं हे बिबटे नेऊन सोडले, त्या भागांत माणसांवरचे हल्ले कितीतरी पटींनी वाढले होते. घर तुटलेलं, प्रदेश अनोळखी, माणसांच्या हातून पकडलं गेल्याची दहशत, असं जनावर जवळच्या वस्तीच्या वाट्याला येत होतं. हा अभ्यास २०११ साली 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला.

आमच्या धंद्यात याला बग एका मॉड्यूलमधून उचलून दुसऱ्यात ढकलणं म्हणतात. माझ्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतं, शेजारच्या टीमचं मात्र रात्री दोन वाजता कोसळतं. म्हणून कुठलीही ओळ पुसण्याआधी तिच्यावर काय काय अवलंबून आहे याची यादी काढायची, ही पहिल्या नोकरीतली पहिली शिकवण. निसर्गाशी माणसाचं नातं आहे असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सूर्यास्त येतो. माझ्या डोळ्यांपुढं ही यादी येते.

आपल्या तालुक्याची यादी काढून बघा. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं : येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. धरणांतून कालवे आले, कालव्यांनी बाजरी-मठाच्या रानात ऊस आणला. ऊस वर्षभर उभा राहतो, पुरुषभर उंच, दाट, ओलसर, आत माणसाचा वावर नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? ऊसतोडणीला आलेल्या बायकांना कोयता चालवताना पाचटात पिल्लं सापडतात ती याचमुळं. गावाबाहेर कचरा, कोंबड्यांची घाण, त्यावर कुत्री, कुत्र्यांवर बिबट्या. अत्रेय यांनी पुढं शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. शेतांनी आणि घरांनी भरलेल्या त्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या जनावरांचा, त्यातही कुत्र्यांचा. म्हणजे ही जनावरं जंगलातून वाट चुकून आलेली नाहीत. ती इथलीच रहिवासी आहेत, ज्या पाटाच्या पाण्यावर आपलं घर चालतं त्याच पाण्यावर त्यांचंही चालतं.

आता यातली बाई कुठं आहे ते बघा. कांद्याची लावणी वाकून होते. खुरपणी बसून होते. गवत कापायचं बांधावर, तेही खाली वाकून. वाकलेलं, बसलेलं माणूस मागून जनावराला चार पायांचं वाटतं, हे वनखात्याचे लोक नेहमी सांगतात. आणि रानातली वाकायची, बसायची कामं कुणाची? रात्रीची वीज आली की पाणी द्यायला पुरुष जातो, घरात बाई लहान पोरं घेऊन दाराला कडी लावून बसते. पहाटे शेण काढायला गोठ्यात तीच. २०२५ च्या पावसाळ्यानंतर शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, लोक महामार्गावर उतरले. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरात जाऊन बिबट्याबरोबरच्या सहजीवनावर व्याख्यान देण्याची माझी हिंमत नाही, आणि पुण्यात बसून कुणी दिलं तर मला राग येतो. पण त्याच वेळी हेही खरं की पिंजऱ्यांची संख्या मोजून प्रश्न सुटत नाही. शेतीला दिवसा वीज, वस्तीजवळच्या उसाला थोडं अंतर, गोठ्याला जाळी, गावाच्या कचऱ्याचा बंदोबस्त, या रोजच्या गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या बायकांना आधीपासून कळतात. फक्त बैठकीत त्यांना कुणी विचारत नाही. बिबट्यावरच्या गावबैठकांचे फोटो बघा. पहिल्या चार रांगांत एक तरी बाई दिसते का?

बिबट्यावर मी फार वेळ घेतला, कारण तो आपला आहे आणि त्यामुळं विषय समजायला सोपा जातो. आता डोंगर ओलांडून उत्तरेला, अकोले तालुक्यात जाऊया. तिथं कोंभाळणे नावाचं गाव आहे. राहीबाई पोपेरे तिथल्या. जन्म १९६४ चा, महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्याआधी २०१८ साली बीबीसीनं जगातल्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. 'बीजमाता' म्हणून तुम्ही त्यांचा फोटो पाहिला असेल. फोटो पाहणं सोपं आहे. त्यांनी नेमकं केलं काय, हे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे.

घरातली मुलं सारखी आजारी पडतात, आपण खातो त्या भाजीत आणि धान्यात काहीतरी बिघडलंय, असं त्यांच्या लक्षात आलं. संकरित बियाण्याबरोबर खतं आणि फवारे आले होते. त्यांनी जुनं बी शोधायला सुरुवात केली. या पाड्यावरून वालाचं, त्या पाड्यावरून घेवड्याचं, कुठं काळभाताचं, कुठं नागलीचं. एकेका शेंगभाजीचे इतके प्रकार त्यांच्याकडं जमले की शहरातली माणसं मोजताना दमतील. बी राखेत घोळायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, मडक्यात भरून तोंड लिंपायचं. ही युक्ती त्यांनी शोधलेली नाही, त्यांच्या आधीच्या सगळ्या बायकांची आहे. 'बाएफ' या संस्थेची साथ मिळाली, बीजबँक उभी राहिली, परिसरातल्या बायकांचे गट जोडले गेले. बी न्यायचं, आणि पीक आलं की दुपटीनं परत आणून द्यायचं, अशी देवघेव.

याचा हवामानाशी संबंध काय? आपल्या नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटो घ्या. रोप रोपवाटिकेतून, दर हंगामाला विकत. सगळ्या शिवारात एकाच जातीचं पीक, त्यामुळं एक अवकाळी पाऊस किंवा एक नवा रोग आला की सगळ्या शिवाराचा एकदम बट्ट्याबोळ. जुन्या बियाण्यात एक जात उशिरा फुलते, एक कमी पाण्यावर येते, एक डोंगरउतारावर तग धरते. पाऊस कसा पडेल याची खात्री उरली नाही की हे वेगळेपण म्हणजे हातातला विमा. आम्ही सर्व्हरचे बॅकअप तीन ठिकाणी ठेवतो आणि त्याचा पगार घेतो. राहीबाईंनी बियाण्याचा बॅकअप ठेवला तेव्हा तो कुणी मागितलाही नव्हता. गावातल्या लोकांना ते वेड वाटलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

इथं मला त्या धास्तीच्या शब्दाकडं परत यायचंय. अरबीत सौंदर्याला 'हुस्न' म्हणतात, हे आपल्याला गझलांमुळं माहीत असतं. त्याच धातूपासून दुसरा शब्द होतो, 'इहसान'. दीनमध्ये इहसानचा अर्थ आहे काम सुंदर करणं. कुणी बघत नसतानाही, वरचा बघतोय असं मानून, कसर न ठेवता करणं. म्हणजे अंतरंगाचं सौंदर्य हा चेहऱ्यावरच्या शांत हसण्याचा मामला नाही. ते करायचं असतं, हातांनी. बी निवडताना किडकं बाजूला काढणं हे इहसान. आणि गंमत अशी की आपल्या घरच्या बोलीत 'एहसान' म्हणजे उपकार. 'एहसान किया क्या मुझपे?' असं आपण भांडताना म्हणतो. शब्द तोच, पण सुंदर कामाचा उपकार कधी झाला ते कळलंच नाही. माझ्या मते बायकांच्या कामाचंही तेच झालं. घरातली आणि रानातली जी कामं त्या मन लावून करतात, ती आपण त्यांचा स्वभाव समजतो, म्हणून त्यांची मजुरी लागत नाही. आणि आपण त्यांना घरखर्चाचे पैसे देतो, तो मात्र आपला एहसान.

वजू करताना वाहत्या नदीच्या काठावर बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपण मशिदीत ऐकतो. छान आहे. पण घरात ते पाणी कुणी आणलं? आळेफाट्याहून नगरकडं जाताना घाट चढलात की आणे पठार लागतं. कालवा तिथं वर चढत नाही. कुकडीच्या धरणांच्या तालुक्यात राहून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत ती. हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईला पाण्याची किंमत कुणी खुतब्यातून सांगायची गरज नसते. आपल्यातल्या मुलग्यांना असते, आणि मलाही, कारण माझ्या फ्लॅटमध्ये नळ चोवीस तास चालतो.

पश्चिमेकडं, आंबेगावच्या डोंगराकडं वळते. ३० जुलै २०१४ ची सकाळ. माळीण. डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. एसटी तिथं पोचली, ड्रायव्हरला गावच दिसलं नाही, त्यानं खबर दिली, नाहीतर किती वेळ कुणाला कळलं नसतं कोण जाणे. उतारावर यंत्रानं केलेलं जमिनीचं सपाटीकरण याला किती कारणीभूत, यावर पुष्कळ वाद झाला. अतिवृष्टी झाली यावर वाद नव्हता. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आपल्याकडं आलं. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची झाडं उन्मळून पडली. हिरडा वेचून, वाळवून विकणं हे तिथल्या कुटुंबांचं हुकमी रोख उत्पन्न, आणि वेचण्या-वाळवण्यात बायकांचे हात जास्त. मोठं झालेलं हिरड्याचं झाड एका पावसाळ्यात परत उभं राहत नाही. भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली.

भरपाई हा शब्द आला, तर आता मी ज्यासाठी खरं तर इथं आले त्या गोष्टीवर येते.

गारपीट झाली, अवकाळी आला, बराखीत कांदा सडला, बिबट्यानं वासरू नेलं. पंचनामा होतो. तलाठी काय मागतो? सातबारा. पीककर्जाला सातबारा. ठिबकच्या अनुदानाला सातबारा. वर्षाला ६,००० रुपयांचा पीएम-किसानचा हप्ता, तोही ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. म्हणजे हवामान बिघडल्यावर सरकारी मदत ज्या दारातून आत येते, त्या दारावर एक नाव लिहिलेलं असतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणं देशात शेती कसणाऱ्या खातेदारांत बाया सुमारे १४ टक्के. कांदालावणीच्या टोळीत बघा, मग हा आकडा आठवा.

चाकणजवळ, याच पुणे-नाशिक रस्त्यावर, आंबेठाणला शरद जोशींनी शेती केली, कांद्याचं आंदोलन उभं केलं. त्यांच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढं 'लक्ष्मीमुक्ती' नावाचा कार्यक्रम घेतला : नवऱ्यानं आपल्या जमिनीतला एक तुकडा बायकोच्या नावावर करायचा. गावंच्या गावं त्यात उतरली. हवामानबदल हा शब्द तेव्हा चर्चेतही नव्हता. पण ज्या बायकांना तुकडा मिळाला, त्यांना आपल्या तुकड्यात काय पेरायचं हे ठरवायची मुभा मिळाली, आणि मला ती मोठी गोष्ट वाटते. केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ पासून बायकांना घेऊन झाडं लावली आणि २००४ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्या चळवळीत रोप जगलं की बाईच्या हातात थोडे पैसे पडत. ती योजना केवळ मातृप्रेमावर उभी नव्हती, हे पोस्टरवर कुणी लिहीत नाही.

आपल्या समाजाबद्दल बोलते. जरा अवघड जागी हात घालतेय, पण तुम्ही तरुण आहात. कुरआननं मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो द्यायचा की नाही हे भावांच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. हिस्सा भावाइतकाच असावा की नाही, यावर आपल्यात वाद आहे, आणि मी समान हिश्श्याच्या बाजूची आहे. तो वाद आपण वेगळा घालू. पण जो ठरलेला आहे तो तरी मिळतो का? १९३७ चा शरियत कायदा आला त्याच्या दुसऱ्या कलमातच शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, त्यामुळं रानाचा विषय निघाला की शरियतचा आग्रह धरणारेसुद्धा सोयीनं रीतिरिवाज आठवतात. वर हक्कसोड पत्र आहेच. बाप वारला की चाळीसाव्याच्या आसपास बहिणींना बोलवायचं, जेवण घालायचं, मग स्टॅम्प पेपर पुढं करायचा. सही केली तर ती मनाची मोठी, अंतरंगानं सुंदर. नाही केली तर माहेर तुटलं. बघा, तो शब्द इथं किती उपयोगी पडतो! आणि हे फक्त मुसलमानांत चालतं असं नाही. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तरी शेजारच्या वस्तीतही हीच हक्कसोड पत्रं होतात. याबाबतीत आमचा सर्वधर्मसमभाव उत्तम आहे.

आमच्या घरात पावणेतीन एकर आहे, त्यातलं निम्मं जिरायती. अम्मी ते तीस वर्षं कसत होती, अब्बू ट्रकवर असायचे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिचं नाव सातबाऱ्यावर चढवलं. त्यानंतर तिनं पहिली गोष्ट काय केली असेल? बांधाकडेच्या दोन गुंठ्यांतला कांदा बंद करून मटकी आणि घेवडा लावला, शेजारणीकडून बी आणून. भाऊ म्हणाला, कांद्याचे पैसे बुडाले. थोडे बुडाले, हे खरं आहे. गेल्या साली कांद्याचा भाव कोसळला तेव्हा घरात खायला डाळ-भाजी होती, हेही खरं आहे. एका घरावरून मी सिद्धान्त मांडत नाही, पण निर्णय घेणारा हात बदलला की रान बदलतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

मुलग्यांनी वैतागून जाऊ नये. ऊस लावणारा पुरुष काही खलनायक नाही. उसाला साखर कारखाना आहे, बांधलेला भाव आहे, आणि कर्ज घेऊन पोरीचं लग्न, पोराची फी करणाऱ्या माणसाला खात्रीचं पीक लागतं. मटकीचा भाव कोण बांधून देणार? हा प्रश्न घरातल्या भांडणानं सुटणारा नाही, तो ग्रामसभेत आणि त्याच्याही वर न्यायला लागेल. पण तो तिथं मांडायला कोण उभं राहतं, हे आपल्या हातात आहे.

म्हणून थोडं कामाचं सांगते आणि थांबते. घरी गेलात की मोबाइलवर महाभूलेखच्या साइटवर तुमच्या गटाचा सातबारा उघडा. फुकट दिसतो. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते घरातल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवा. दादी, अम्मी, फुप्पी. काही घरांत शांतता पसरेल, ती पसरू द्या.

दुसरं, ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. सात ते अकरा सदस्य, त्यांत स्त्रियाही. या समितीनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते : गावात कुठली झाडं, कुठलं बी, कुठले औषधी पाले, कुठली जनावरं, ते कुणाला माहीत आहे. तुमच्या गावची वही मागा. अनेक ठिकाणी ती घाईनं, बाहेरच्या माणसांकडून भरून घेतलेली असते. आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायांना कुणी विचारलं होतं का, ते बघा. विचारलं नसेल तर तुम्ही विचारा, फोनवर रेकॉर्ड करा, लिहा, समितीला लेखी द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. समितीत जागा रिकामी असेल तर इथल्या मुलींपैकी कुणी नाव द्यावं. राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळं सरपंचबाई ओळखीच्या असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्या जागी कारभार त्यांचे यजमान बघत असतील, तर अर्ज मात्र त्यांच्याच हातात द्या.

आणि तिसरं, घरात हक्कसोडीचा कागद येणार असेल तर सही करण्याआधी तो वाचायला चार दिवस मागा. वकिलाला दाखवायचाय म्हणून सांगा. वकील नसेल तर मला फोन करा, पुण्यात माझ्या ओळखीच्या दोघीजणी हे काम करतात, पहिल्या सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. माझा नंबर संयोजकांकडं आहे.

एवढंच. वेळेत संपवलंय, त्यामुळं प्रश्नांना पंधरा-वीस मिनिटं आहेत. माइक आधी मागच्या रांगेत द्या. तिथं मघापासून एक मुलगी काहीतरी लिहून घेतेय, तिच्यापासून सुरू करू.